पंखा, पाणी आणि वाटणी

नांदेड-लातूरच्या व्यासपीठावर होडीच्या इंजिनाचा विषय काढला की कोणीही विचारील, समुद्र इथून कित्येक कोस दूर. कोकणातला हा प्रश्न मराठवाड्यात कशाला? परंतु गोदावरीवर विष्णुपुरीचा शंकरसागर आहे, मांजरेवर धनेगावचे धरण आहे, आणि अशा पाण्यावर पोट असलेली भोई समाजाची माणसे आपल्याच गावांत राहतात. रोहू, कटला, मृगळ यांच्या पाठीमागे ती वल्ह्यांच्या होडीतून, कित्येकदा थर्मोकोलच्या तराफ्यावरूनही जातात. जाळे लांब टाकलेले असते, वारा समोरून सुटतो, खांदे भरून येतात. अशा वेळी होडीला इंजिन असावे असे वाटणे साहजिक आहे.

आम्ही मजूर चळवळीतली माणसे. यंत्र आले म्हणजे त्याचा खर्च शेवटी कोणाच्या अंगावर पडतो, हे आम्ही आधी पाहतो. मासेमारीत पुष्कळ ठिकाणी अशी वहिवाट आहे की, विक्रीच्या पैशातून आधी इंधनाचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्याची वाटणी करायची. म्हणजे वाया गेलेले पेट्रोल हे जाळे ओढणाऱ्याच्या मजुरीतून जाते. एका फेरीला एक लिटर जादा लागले, महिन्यात २५ फेऱ्या झाल्या आणि लिटरला १०० रुपये धरले, तर २,५०० रुपये पाण्यात गेले. म्हणून इंजिन नीट बसविण्याची विद्या विक्रेत्याच्या किंवा मालकाच्या हाती सोडून चालणार नाही. ती होडीतल्या प्रत्येकाला आली पाहिजे.

होडीच्या मागच्या फळीला अडकवायचे हे इंजिन बाजारात रुजविले ते ओले एव्हिनरूड याने, १९०९ साली. नॉर्वेत जन्मून अमेरिकेत वाढलेला हा माणूस यंत्रशाळांत काम करून शिकला होता. त्याच्या इंजिनाची मूळ रचना आजही तीच आहे : वर इंजिन, मध्ये उभा दांडा, खाली दातेरी चाके आणि पंखा. वरची ताकद पंख्याने पाण्याला नीट दिली तरच होडी पुढे जाते. बिघाड पुष्कळदा इंजिनात नसतो. तो ते बसविण्यात असतो.

पहिली गोष्ट उंचीची. पंख्याच्या वर एक आडवी चपटी पट्टी असते. ती होडीच्या बुडाच्या पातळीत, फार तर बोटभर खाली असावी. इंजिन जास्त वर राहिले तर पंखा वरची हवा ओढतो. इंजिन किंचाळते आणि होडी जागची हलत नाही. जास्त खाली गेले तर तो दांडाच पाण्याला अडसर होतो. इंजिने आखूड आणि लांब अशा दोन दांड्यांची मिळतात. आखूड दांड्याला सुमारे १५ इंच उंचीची फळी लागते, लांब दांड्याला सुमारे २० इंच. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी आपली फळी मोजावी.

दुसरी गोष्ट कलाची. इंजिनाच्या पकडीत खिळ घालण्यासाठी चारपाच भोके असतात. होडी भरून चालू असताना ती आडवी पट्टी पाण्याला समांतर राहील, असे भोक निवडावे. दांडा फार आत झुकला तर पुढचे टोक पाण्यात खुपसते. फार बाहेर गेला तर टोक वर उठते आणि मागची बाजू बसते. येथे वजनाचाही संबंध येतो. इंजिन मागे, पेट्रोलचा डबा मागे, चालविणारा मागे आणि ओले जाळेही मागे, असे झाल्यास कोणतेच भोक उपयोगी पडणार नाही. जाळे व बर्फाची पेटी पुढे सरकवा. त्याला दमडीही लागत नाही.

तिसरी गोष्ट पंख्याची. पंख्यावर दोन आकडे असतात : व्यास आणि पीच. पीच म्हणजे पाणी लाकडासारखे घट्ट असते, तर पंखा एका फेऱ्यात स्क्रूप्रमाणे किती इंच पुढे सरकला असता ते माप. समजा इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेते, त्याच्या दोन फेऱ्यांना पंख्याचा एक होतो, आणि पीच ९ इंच आहे. कागदावर वेग ताशी सुमारे ३४ किलोमीटर येतो. पाणी घट्ट नसते, म्हणून काही घसर व्हायचीच. गिरणीतला ढिला पट्टा चाकावरून घसरतो तशी. पण भरलेली होडी जर ताशी १० नेच जात असेल, तर हा पंखा तिच्यासाठी नाही. जड होडीला कमी पीचचा, रुंद पात्यांचा पंखा हवा. पीच एक इंच कमी केली की इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण १५० ते २०० ने वाढतात. नेहमीच्या ओझ्यासह पूर्ण गतीत इंजिनाने त्याच्या पुस्तकात सांगितलेले फेरे गाठले पाहिजेत. ते गाठत नसेल तर इंजिन कण्हत चालते, तापते आणि लवकर झिजते.

चौथी गोष्ट देखभालीची. जाळ्याचा नायलॉन दोरा पंख्यामागे गुंडाळला की आतले सील कापतो. म्हणून पंखा अधूनमधून काढून पाहावा. खालच्या पेटीतले तेल दुधासारखे पांढरे दिसले, तर आत पाणी शिरले असे समजावे. थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार बाहेर पडते की नाही, हे दर फेरीला बघावे. गढूळ पाण्यातला गाळ ती वाट बुजवितो. पाणी उतरले की जुने खुंट वर येतात. पंखा खुंटाला आदळला तर मोडण्यासाठीच ज्या इंजिनात मऊ धातूची पिन असते, तिच्या जागी लोखंडी खिळा घालू नये. खिळा वाचेल आणि दातेरी चाके जातील. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला व जॅकेट अंगावर, हे तर हवेच.

मोठे इंजिन घेतले की प्रश्न सुटेल, असे पुष्कळांना वाटते. होडी चालताना आपलीच लाट उठविते. वेग वाढला की ती लाट लांबते, आणि होडीइतकी लांब झाली की होडीला स्वतःच्याच लाटेवर चढावे लागते. १६ फुटी भरलेल्या होडीची ही मर्यादा ताशी सुमारे १० किलोमीटर आहे. पुढे दुप्पट ताकद लावली तरी वेग थोडाच वाढतो; कर्ज मात्र पुरते वाढते.

मग आपली होडी नीट चालते की नाही, हे ओळखावे कसे? काठावर ५०० मीटर अंतराच्या दोन खुणा करा. नेहमीचे ओझे घेऊन जाताना आणि येताना वेळ मोजा, दोन्ही वेगांची सरासरी काढा. म्हणजे वाऱ्याचा व प्रवाहाचा हिशेब फिटतो. तीन मिनिटे लागली तर वेग ताशी १०. खर्चलेले पेट्रोल मापाने मोजा. एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा.

आणखी एक कर्तव्य आहे. जुन्या धाटणीचे दोन-स्ट्रोक इंजिन सुमारे पाव हिस्सा इंधन न जळताच बाहेर टाकते, तेही पाण्यात. विष्णुपुरीचे पाणी नांदेड पिते, मांजरेचे लातूर पिते. २०१६ साली मांजरा धरण आटले आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा या पाण्याची किंमत आपल्याला कळली. म्हणून आधी जलसंपदा विभागाला व आपल्या संस्थेला विचारावे, आणि परवानगी असेल तेथे चार-स्ट्रोक इंजिनच घ्यावे.

सहकारी संस्थांना आमची एक सूचना आहे. जमाखर्चाच्या वहीशेजारी प्रत्येक होडीच्या इंधनाची वही ठेवा, आणि ती होडीतल्या सर्वांना वाचून दाखवा. इंधन वाटणीतून कापायचे असेल, तर ते किती आणि का जळाले, हे विचारण्याचा हक्कही वाटेकऱ्याचाच आहे.