अंगणातून गुरू-शनीचा फोटो : मोबाईलवर क्लिक नको, व्हिडिओ घ्या

हौसेने दुर्बीण आणली, अंगणात मांडली, गुरू सापडला. मोबाईल लावून फोटो काढला, तर स्क्रीनवर नुसता पांढरा ठिपका! पोरांचा हिरमोड होतो, चार दिवसांत दुर्बीण माळ्यावर जाते आणि पैसे पाण्यात गेले असं वाटतं. पण बऱ्याचदा खोट दुर्बिणीत नसते, फोटो काढायची पद्धत चुकलेली असते.

ठिपका का येतो?
गुरू पृथ्वीच्या जवळ असतानाही त्याची रुंदी चंद्राच्या साधारण चाळिसाव्या भागाएवढीच दिसते. त्यात मोबाईल भोवतीचा अंधार बघून आपोआप उजेड वाढवतो आणि गुरूवरचे पट्टे त्यात बुडून जातात. म्हणून स्क्रीनवर ग्रहावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि ग्रह थोडा मंद दिसेपर्यंत उजेडाची पट्टी खाली ओढा. हात हलतोच, त्यामुळे मोबाईल आयपीसला होल्डरने घट्ट बसवा.

व्हिडिओच का?
उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर लांबचं दृश्य कसं थरथरतं? हलत्या हवेमुळे ग्रहही तसाच थरथरतो. मध्येच क्षणभर हवा शांत होते आणि चित्र स्वच्छ दिसतं. तो क्षण एका क्लिकमध्ये सापडणं नशिबाची गोष्ट. व्हिडिओत मात्र सेकंदाला ३० चित्रं धरली तरी मिनिटात १,८०० चित्रं मिळतात.

पुढचं काम कॉम्प्युटरवर. ‘पिप’मध्ये मोबाईलचा व्हिडिओ एव्हीआय प्रकारात बदलायचा. ‘ऑटोस्टॅकर्ट’ त्यातली चांगली चित्रं निवडून एकावर एक रचतं. ‘रजिस्टॅक्स’मध्ये बारकावे उठावदार करता येतात. तिन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत.

व्हिडिओ एक-दोन मिनिटांचाच ठेवा. गुरू दहा तासांच्या आतच स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे फार लांब व्हिडिओत त्याचे बारकावे पुसट होतात.

जागा कोणती?
ग्रह तेजस्वी असतात, त्यामुळे रस्त्यावरच्या दिव्याने फारसं बिघडत नाही. बिघडवते ती गरम हवा. दिवसभर तापलेला पत्रा किंवा स्लॅब रात्री उष्णता सोडतो, म्हणून त्यावरून नेम धरू नका. मातीचं अंगण किंवा मोकळं शेत उत्तम. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा आणि ग्रह आकाशात उंच आल्यावरच सुरुवात करा. चांदण्या फार लुकलुकत असतील, तर त्या रात्री हवा साथ देणार नाही असं समजा.

खरेदी करताना
खोक्यावर ‘५०० पट मोठं दिसेल’ असं छापलेलं असलं तरी भुलू नका. दुर्बिणीचं तोंड जेवढे मिलिमीटर, त्याच्या साधारण दुप्पट पटीपर्यंतच चित्र कामाचं राहतं. म्हणजे ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १४० पट. शनीची कडी तर ५० पटीलाही ओळखू येतात. जास्त पटीपेक्षा मजबूत स्टँड बघा. डगमगत्या स्टँडवर व्हिडिओ जमत नाही.

हे मात्र कधीच नको
दुर्बिणीतून सूर्याकडे एक क्षणही बघू नका. डोळा कायमचा जाऊ शकतो. आयपीसला लावायच्या छोट्या काळ्या फिल्टरवरही विसंबू नका, तो उष्णतेने तडकू शकतो. शुक्र बघायचा तर सूर्य पूर्ण मावळू द्या आणि दिवसा दुर्बीण लहान मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका.

सुरुवात कुठून?
आधी चंद्रावर हात बसवा, मग गुरूकडे वळा. गुरूचा व्हिडिओ झाला की उजेडाची पट्टी थोडी वर ओढा. गुरू पांढरा होईल, पण त्याच्या शेजारी जवळपास एका रेषेत बारीक ठिपके उमटतील. गॅलिलिओने १६१० साली दुर्बिणीतून पाहिलेले गुरूचे चार चंद्र ते हेच. एखादा कमी दिसला तर तो गुरूच्या पुढे किंवा मागे गेलेला असू शकतो. दुसऱ्या रात्री पुन्हा व्हिडिओ घ्या, त्यांच्या जागा बदललेल्या दिसतील.