सुट्टी-मालकी क्लब आणि पर्वतीय स्की-रिसॉर्ट : डिस्ने व्हेकेशन क्लबच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

पर्यटन हा सेवाक्षेत्रातील एक प्रमुख उद्योग असून निवासव्यवस्था हा त्याचा कणा मानला जातो. पारंपरिक पद्धतीत ग्राहक रात्रीमागे भाडे मोजतो आणि हॉटेलशी असलेला त्याचा संबंध तेथेच संपतो. सुट्टी-मालकी, म्हणजेच टाइमशेअर पद्धतीत मात्र ग्राहक अनेक वर्षांच्या मुक्कामाचे मूल्य आरंभीच भरतो आणि त्यानंतर दरवर्षी देखभाल शुल्क देत राहतो. साहजिकच, अशा क्लबने नवे रिसॉर्ट कोठे उभारावे हा प्रश्न केवळ कंपनीच्या नफ्यातोट्याचा राहत नाही. सभासद कुटुंबांच्या पुढील 40 ते 50 वर्षांच्या खर्चाशी तो निगडित असतो.

अमेरिकेतील डिस्ने व्हेकेशन क्लबच्या सभासदांकडून ‘क्लबने समुद्रकिनारा दिला, आता बर्फाचा डोंगरही द्यावा’ अशी अपेक्षा अधूनमधून व्यक्त होते. ही अपेक्षा आर्थिकदृष्ट्या कितपत ग्राह्य आहे आणि तिचा भार अखेरीस कोणावर पडेल, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पनेची पार्श्वभूमी :

टाइमशेअर आणि बर्फ यांचे नाते जुने आहे. या पद्धतीचा उगम सामान्यतः 1960 च्या दशकातील युरोपात मानला जातो आणि त्या संदर्भात फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातील सुपरदेवोलुई या स्की-स्थळाचा उल्लेख केला जातो. हंगामात खोली मिळण्याची खात्री हवी असलेल्या ग्राहकाला दरवर्षीचा ठराविक आठवडाच विकावा, अशी ही मूळ कल्पना होती. म्हणजे आठवड्याची मालकी ज्या गरजेतून जन्मली, ती गरजच मुळात स्की-हंगामाच्या टंचाईची होती.

डिस्ने व्हेकेशन क्लबचे पहिले रिसॉर्ट 1991 मध्ये फ्लोरिडात सुरू झाले. या क्लबने ठराविक आठवड्याऐवजी पॉइंट पद्धती स्वीकारली. सभासद एखाद्या रिसॉर्टमधील मुदतबंद मालकी हिस्सा विकत घेतो. त्या हिश्श्यापोटी त्याला दरवर्षी ठराविक पॉइंट मिळतात. ते पुढील वर्षासाठी राखून ठेवता येतात किंवा पुढील वर्षाचे आगाऊ वापरता येतात. स्वतःच्या ‘गृह-रिसॉर्ट’मध्ये 11 महिने आधी, तर क्लबच्या इतर रिसॉर्टमध्ये 7 महिने आधी आरक्षण करता येते. वार्षिक शुल्क मात्र गृह-रिसॉर्टच्या खर्चावर ठरते. सभासद तेथे राहो वा न राहो, ते त्याला भरावेच लागते.

बर्फाचे अपुरे स्वप्न :

डिस्ने आणि स्की-पर्यटन यांचा संबंध क्लबच्या स्थापनेपूर्वीचा आहे. वॉल्ट डिस्ने यांनी कॅलिफोर्नियातील शुगर बोल या स्की-स्थळात आरंभीच्या काळात गुंतवणूक केली होती. 1960 च्या स्क्वॉ व्हॅली हिवाळी ऑलिंपिकच्या समारंभांची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. 1965 मध्ये कॅलिफोर्नियातील मिनरल किंग खोऱ्यात भव्य स्की-रिसॉर्ट उभारण्यासाठी अमेरिकेच्या वनसेवेने डिस्नेचा प्रस्ताव निवडला. 1966 मध्ये वॉल्ट डिस्ने यांचे निधन झाले, तरी कंपनीने योजना पुढे चालू ठेवली. सिएरा क्लब या पर्यावरणवादी संस्थेने तिला न्यायालयात आव्हान दिले. 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 3 मतांनी, संस्थेला दावा दाखल करण्याचा अधिकार सिद्ध करता आला नाही, असा निर्णय दिला. न्यायमूर्ती डग्लस यांनी आपल्या विरोधी मतात निसर्गघटकांच्या वतीने दावा दाखल करता यावा, अशी भूमिका मांडली. निकाल तांत्रिकदृष्ट्या कंपनीस अनुकूल असला तरी रिसॉर्ट कधीच उभे राहिले नाही आणि 1978 मध्ये ते खोरे सिक्वोया राष्ट्रीय उद्यानात समाविष्ट झाले.

पुढे 1995 मध्ये फ्लोरिडातील उष्ण हवेत, वितळलेल्या स्की-रिसॉर्टच्या कल्पित कथेवर आधारित ब्लिझार्ड बीच हे जलोद्यान कंपनीने उभारले. बर्फाचा देखावा विकणे सोपे, परंतु बर्फ विकणे अवघड, हे या दोन उदाहरणांवरून दिसून येते.

उद्यानांबाहेरील रिसॉर्टचा अनुभव :

स्की-रिसॉर्ट हे स्वाभाविकपणेच डिस्नेच्या उद्यानांपासून दूर असणार. अशा दूरच्या ठिकाणांचा क्लबला पूर्वानुभव आहे. 1995 मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील व्हेरो बीच, 1996 मध्ये दक्षिण कॅरोलिनातील हिल्टन हेड आणि 2011 मध्ये हवाई बेटांवरील आउलानी ही रिसॉर्ट सुरू झाली. यांपैकी व्हेरो बीचचे वार्षिक शुल्क क्लबमधील सर्वाधिक शुल्कांत गणले जाते. परिणामी पुनर्विक्रीच्या बाजारात तेथील हिस्से तुलनेने स्वस्त मिळतात, परंतु शुल्काचा बोजा खरेदीदाराच्या माथी कायम राहतो.

आउलानीचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथील वार्षिक शुल्काचा आरंभीचा अंदाज प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी धरला गेल्याचे लक्षात आल्यावर 2011 मध्ये काही काळ विक्री थांबवावी लागली आणि नंतरच्या खरेदीदारांसाठी शुल्क वाढवण्यात आले. अनोळखी प्रदेशातील देखभालखर्चाचा अंदाज अनुभवी कंपनीचाही चुकू शकतो, हा यातील धडा होय. आउलानीनंतर क्लबने उभारलेली नवी रिसॉर्ट फ्लोरिडा वा कॅलिफोर्नियातील उद्यानांच्या परिसरातच आहेत, ही बाबही पुरेशी सूचक आहे.

हंगामाचे गणित :

स्की-रिसॉर्टच्या संदर्भात मूळ अडचण पॉइंट पद्धतीतच दडलेली आहे. एखाद्या घटकाचे वर्षभराचे एकूण पॉइंट एकदा निश्चित झाले की ते वाढवता येत नाहीत. काही रात्रींचे पॉइंट वाढवावयाचे असल्यास इतर रात्रींचे तितकेच कमी करावे लागतात. हा मुद्दा एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल.

समजा, स्की-रिसॉर्टमधील एका घटकाचे वार्षिक पॉइंट 10,000 आहेत. उत्तम बर्फाच्या 16 आठवड्यांना प्रत्येकी 350 पॉइंट लावले, तर 5,600 पॉइंट खर्ची पडतात. उन्हाळ्यातील 12 आठवड्यांना प्रत्येकी 220 प्रमाणे 2,640 पॉइंट लागतात. उरलेले 1,760 पॉइंट 24 मंद आठवड्यांत विभागले असता प्रत्येक आठवड्यास सुमारे 73 पॉइंट येतात. आता क्लबने हे सर्व 10,000 पॉइंट स्की-आठवड्याच्या गरजेनुसार प्रत्येकी 350 या प्रमाणात विकले, तर 28 कुटुंबांना सभासदत्व देता येते. स्कीचे आठवडे मात्र 16 च आहेत. म्हणजे बर्फाच्या आशेने पैसे भरलेल्या 28 कुटुंबांपैकी किमान 12 कुटुंबांना दरवर्षी बर्फाविना राहावे लागेल. फ्लोरिडातील सभासदांना 7 महिने आधी मिळणारी संधी प्रत्यक्षात फारशी उरणारच नाही, कारण ते आठवडे गृह-सभासदांनी आधीच घेतलेले असतील.

वंचित कुटुंबांनी आपले पॉइंट फ्लोरिडात वापरावेत, असा युक्तिवाद येथे केला जाईल. तथापि नाताळ ते नववर्ष, फेब्रुवारीतील राष्ट्राध्यक्ष दिनाचा आठवडा आणि वसंतातील शालेय सुट्टी हेच काळ डोंगरावर व उद्यानांत एकाच वेळी गर्दीचे असतात. समुद्रकिनाऱ्यावरील रिसॉर्ट उद्यानांच्या मंद काळात काही अंशी पूरक ठरू शकते. स्की-रिसॉर्टची मागणी मात्र उद्यानांच्या मागणीबरोबरच चढते आणि बरोबरच उतरते. अशा वेळी मंद आठवडे नाइलाजाने भाड्याने द्यावे लागतात किंवा रिकामे जातात. शुल्क मात्र बाराही महिन्यांचे आकारले जाते.

खर्च व जोखीम :

स्की-रिसॉर्टच्या संदर्भात पुढील बाबी विशेष विचारात घ्याव्या लागतात.

1) डोंगरउताराची मालकी : कोलोरॅडोतील व्हेल, ब्रेकनरिज यांसारख्या ठिकाणी स्कीचे उतार बहुतांशी वनसेवेच्या जमिनीवर असून ते परवान्याने चालवले जातात. निवासाचा मालक क्लब असला तरी लिफ्टचे दर ठरवणारा वेगळाच असतो. 2024-25 च्या हंगामात व्हेल येथे ऐन गर्दीच्या दिवशी एका दिवसाच्या लिफ्ट-तिकिटाचा दर 300 डॉलरच्या वर गेला होता. मुक्कामाचे पैसे आगाऊ भरलेल्या कुटुंबाचाही मोठा खर्च यामुळे बाकीच राहतो.

2) देखभाल : बर्फ हटवणे, दीर्घकाळ उष्णता पुरवणे, छपरांची दुरुस्ती आणि महागड्या पर्वतीय गावांत कर्मचाऱ्यांच्या निवासाची सोय करणे हे खर्च फ्लोरिडातील रिसॉर्टला नसतात.

3) हवामान : पश्चिम अमेरिकेतील बहुसंख्य नोंदस्थानी एप्रिलमधील हिमसाठा 1955 पासून घटत आला आहे. 2022-23 सारखा विपुल बर्फाचा हिवाळा मधूनच येतो, परंतु 50 वर्षांचा करार एका हिवाळ्यावर करता येत नाही. भारतातही फेब्रुवारी 2025 मध्ये बर्फाच्या अभावी गुलमर्ग येथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या होत्या.

अनुकूल बाजू :

याउलट काही मुद्दे स्की-रिसॉर्टच्या बाजूनेही आहेत आणि त्यांची उपेक्षा करणे योग्य ठरणार नाही. मॅरियट समूहाच्या सुट्टी-मालकी व्यवस्थेत युटातील पार्क सिटी व कोलोरॅडोतील ब्रेकनरिज येथील रिसॉर्टचा समावेश आहे. पर्वतीय गावांत उन्हाळ्यात पदभ्रमण व सायकल-सफरींसाठी पर्यटक येतात, त्यामुळे वर्षाचा दुसरा हंगाम उभा राहतो. शिवाय मुले मोठी झाल्यावर उद्यानांकडे कमी वळणारी कुटुंबे नव्या स्थळामुळे क्लबशी जोडलेली राहू शकतात.

या संदर्भात मुंबईत मुख्यालय असलेल्या महिंद्रा हॉलिडेज या कंपनीचे उदाहरण उद्बोधक ठरते. क्लब महिंद्रा चालवणाऱ्या या कंपनीने 2015 मध्ये फिनलंडमधील हॉलिडे क्लब रिसॉर्ट्स या कंपनीत बहुसंख्य हिस्सा मिळवला. स्वीडनमधील ओरे या प्रसिद्ध स्की-स्थळी त्या कंपनीचे रिसॉर्ट आहे. म्हणजे येथे नवे स्की-रिसॉर्ट बांधण्याऐवजी, त्या हवामानाचा अनुभव असलेली चालती संस्थाच जोडून घेण्यात आली. तसेच क्लब महिंद्राच्या पारंपरिक 25 वर्षांच्या सदस्यत्वात जांभळा, लाल, पांढरा व निळा असे हंगामांचे रंग असून गर्दीच्या हंगामाचे मूल्य अधिक असते. कोणत्या हंगामाचा हक्क आपण विकत घेत आहोत, हे ग्राहकाला निदान खरेदीच्या वेळी ठाऊक असते.

निष्कर्ष व सूचना :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, डिस्ने व्हेकेशन क्लबने सध्याच्या पॉइंट पद्धतीत स्वतंत्र स्की-रिसॉर्ट बांधून त्याची विक्री करणे सभासदहिताचे ठरणार नाही. स्कीची आवड हा या प्रश्नाचा गाभा नसून, बर्फ नसलेल्या आठवड्यांचे शुल्क कोण भरणार हा तो गाभा आहे. तथापि सभासदांची मागणी पूर्णतः नाकारण्याचेही कारण नाही. त्या दृष्टीने पुढील पर्याय विचारात घेता येतील.

1) प्रस्थापित पर्वतीय रिसॉर्टशी अदलाबदलीचा वा भाडेपट्ट्याचा करार करून केवळ हिवाळ्यातील खोल्या उपलब्ध करून द्याव्यात.

2) स्वतंत्र बांधकाम करावयाचेच झाल्यास घटकांची संख्या अल्प ठेवावी आणि हिवाळ्याचा हक्क वेगळा विकावा. म्हणजे जितके बर्फाचे आठवडे, तितक्याच कुटुंबांना ते विकले जातील.

3) वार्षिक शुल्काचा अंदाज कमी बर्फाचे वर्ष गृहीत धरून काढावा आणि तो खरेदीपूर्वी ग्राहकापुढे ठेवावा.

सुट्टी-मालकीचा व्यवहार होताना विक्रेता हिमशिखराचे चित्र दाखवतो, तर करारपत्रात बाराही महिने लिहिलेले असतात. वाणिज्य व पर्यटन या विषयांच्या अध्यापनात हा भेद विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून दिल्यास, उद्याच्या व्यवस्थापकाप्रमाणेच उद्याच्या ग्राहकालाही त्याचा लाभ होईल.