आवाज कुणाचा? स्पीकरचा, खोलीचा की कानाचा?

एकांकिका स्पर्धेत ‘आवाज कुणाचा?’ अशी आरोळी ठोकून ठोकून ज्यांचे घसे बसले आहेत त्यांनी शीर्षक वाचून उगाच सरसावून बसू नये. हा लेख नाटकावर नाही. हा प्रश्न आमच्या मिरजेच्या घरात दिवाळीपासून शिमग्यापर्यंत गाजत होता आणि त्याला निमित्त होते आजोबांनी घ्यायच्या ठरवलेल्या स्पीकरच्या एका जोडीचे.

आजोबा निवृत्त शिक्षक. गाणे हा त्यांचा प्राण. घरात एक तंबोरा, १९८८ साली हप्त्याने घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर, दोन स्पीकर, रेकॉर्ड प्लेअर आणि कपाटभर तबकड्या व कॅसेटी. गेली दोन-तीन वर्षे त्यांची एकच तक्रार होती : गाणे गोधडीत गुंडाळल्यासारखे ऐकू येते, स्वर कळतो, शब्द कळत नाहीत. स्पीकर म्हातारे झाले, हे त्यांचे निदान. पुण्याच्या एका दुकानात त्यांनी एक जोडी ऐकली, किंमत १ लाख ६० हजार रुपये, आणि परत आले ते मुदत ठेव मोडायची असा निश्चय करूनच. ही ठेव आजी-आजोबांच्या दुखण्याखुपण्यासाठी बाजूला ठेवलेली. बाबा वडिलांना काय सांगणार? ते गप्प राहिले. आजी तेवढी म्हणाली, “ऐकायला घेताय की दाखवायला?”

मी मानसशास्त्राचा विद्यार्थी. घरात कुणालाही काही सिद्ध करून हवे असले की हल्ली माझ्याकडे बोट दाखवतात. तेव्हा या प्रश्नाचा तपास माझ्याकडे आला. पुण्याच्या मामांकडे साधारण त्याच किमतीची जोडी आहे. ती त्यांनी आठ दिवसांसाठी द्यायचे कबूल केले. ती येईपर्यंत मी वाचन केले.

प्रथम स्पीकरविषयी. चुंबकाच्या खाचेत तारेचे वेटोळे, वेटोळ्याला चिकटवलेला शंकू. विद्युतप्रवाह बदलेल तसे वेटोळे पुढे-मागे हलते आणि शंकू हवा ढकलतो. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघा अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली हे यंत्र नीट मांडले. आजचे बहुतेक सगळे स्पीकर, हजाराचे काय नि लाखाचे काय, त्याच वंशातले. अडचण अशी की एकाच शंकूला सगळे स्वर सारखे झेपत नाहीत. १०० हर्ट्झच्या स्वराची लहर सुमारे ३·४ मीटर लांब, तर १०,००० हर्ट्झची अवघी ३·४ सेंटिमीटर. खालच्या स्वराला पुष्कळ हवा हलवावी लागते म्हणून मोठा शंकू हवा. पण तोच मोठा शंकू वरचे स्वर विजेरीच्या झोतासारखे फक्त समोर फेकतो, बाजूला बसलेल्याला ते मिळतच नाहीत. म्हणून वूफर वेगळा, ट्वीटर वेगळा, आणि दोघांत काम वाटून देणारे एक मंडल. ही वाटणी जितकी बेमालूम, तितका स्पीकर चांगला.

मग जास्त पैशांत नेमके काय मिळते? प्रामाणिक कारखानदार असेल तर तीन गोष्टी : खर्ज अधिक खोल, मोठा आवाज न फाटता, आणि समोर व बाजूला दोन्हीकडे सारखाच समतोल आवाज. चौथी गोष्ट म्हणजे सागवानी तकाकी. तिची किंमत या तिघींपेक्षा कमी नसते. यांतली मोठ्या आवाजाची बाब आमच्या चाळवजा वाड्यात निकामीच, कारण शेजारी आहेत. शिवाय दुकानदार ज्या वॉटांच्या आकड्याने ग्राहकाला दिपवतात, त्या वॉटांचा हिशेब फसवा आहे. ५० चे १०० वॉट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट’ वाटावा यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. आणि सामान्य स्पीकर १ वॉटलाच १ मीटरवर ८५ ते ९० डेसिबल देतो. बैठकीत बसून ख्याल ऐकणाऱ्याला तेवढे पुष्कळ झाले.

खर्जाची गोष्ट मात्र मला अतिशय रंजक वाटली. पुरुष गवयाचा षड्ज काळी एकमध्ये धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्झचा, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. लहान स्पीकरमध्ये ६९ हर्ट्झ जेमतेम निघतो. खिशातल्या रेडिओत तर मुळीच निघत नाही. तरीसुद्धा त्या रेडिओवर तंबोरा लागला की खर्ज ऐकू येतो! कारण १३९, २०८, २७७ असे वरचे स्वयंभू स्वर ठरावीक अंतराने कानावर पडले की त्यांचा पाया मेंदू स्वतः भरून काढतो. तंबोऱ्यात तर हे वरचे स्वर जवारीमुळे मुद्दाम फुलवलेले असतात; घोडीवर तारेखाली तो दोरा सरकवतात तो त्यासाठीच. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली या जवारीचा अभ्यास केला होता, हे मिरजेत जन्म काढून मला यंदा कळले. तेव्हा आपल्या संगीतापुरते बोलायचे तर लाखाचा खोल खर्ज हा डग्ग्याच्या घुमाऱ्यासाठी उपयोगी. तंबोऱ्याचे काम त्यावाचून बरेचसे भागते.

यानंतर मी आमच्या जुन्या स्पीकरची जाळी काढली. सदतीस-अडतीस वर्षांत ती कुणी काढली नव्हती. शंकूच्या भोवती फोमची जी मऊ कडा असते ती आपल्या हवेत पंधरा-वीस वर्षांत कुजते. आमची केव्हाच भुगा होऊन तळाशी पडली होती. आम्ही इतकी वर्षे मोडका स्पीकर ऐकत होतो! पुण्याला बुधवार पेठेत एका कारागिराने दोन्ही बाजूंच्या कडा १,४०० रुपयांत नव्या चिकटवून दिल्या. खालच्या स्वरांतली फरफर गेली. गोधडी मात्र गेली नाही, असे आजोबांचे म्हणणे कायम राहिले.

मग खोली. आमची बैठकीची खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद. खाली फरशी, भिंती गुळगुळीत, एक लोखंडी कपाट. उभे राहून टाळी वाजवली की तिच्यामागे ‘झिंग’ असा शेपटीसारखा आवाज यायचा. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींत आवाज चेंडूसारखा ये-जा करतो त्याची ही खूण. स्पीकर कितीही भारी आणा, ही झिंग त्यात मिसळणारच. खालच्या स्वरांचे दुखणे आणखी खोल. १२ फुटांत जी लहर बरोबर अर्धी बसते ती सुमारे ४७ हर्ट्झची. हा स्वर भिंतींपाशी फुगतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. त्याच्या दुप्पट, तिप्पट स्वरांचेही असेच डोंगर-दऱ्यांचे नकाशे. आजोबा लोडाला टेकून, पाठ भिंतीला लावून बसणार. स्पीकर दोन कोपऱ्यांत कपाटाशेजारी. म्हणजे डग्गा दोन्ही टोकांनी फुगवून घेण्याची आम्ही चोख व्यवस्था केलेली! स्पीकर कोपऱ्यांतून दीड-दोन फूट पुढे ओढले, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणले, दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण केला, लोड भिंतीपासून हातभर सरकवला, आणि मागच्या भिंतीला दोन कापसाच्या गाद्या उभ्या केल्या. पातळ पडद्याने फक्त वरचे स्वर मरतात. गादीने मधलेही आवरतात. खर्च शून्य. आजीला त्या उभ्या गाद्या अजून पसंत नाहीत, आणि पाहुणे आले की त्या आत जातात.

एवढ्यात मामांची जोडी आली. काळीभोर, चकचकीत, कमरेएवढी उंच. आजोबांनी लावली आणि पहिल्या आलापालाच “वा!” म्हणाले. डोळ्यांत पाणी होते. मीही भारावलो, हे कबूल केले पाहिजे. पण आपल्या विषयाने मला एक वाईट खोड लावली आहे : डोळे उघडे ठेवून दिलेल्या पसंतीवर माझा विश्वास बसत नाही.

याला आधार आहे. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत स्पीकर पडद्याआड ठेवून ऐकवण्याचे प्रयोग वर्षानुवर्षे केले. पुढे १९९४ साली त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी ते ज्या स्पीकरनिर्मात्या कंपनीत होते तिथल्याच ४० जणांना चार स्पीकर दोनदा ऐकवले. एकदा पडद्याआडून, एकदा उघड. उघड पाहून ऐकताना मोठ्या, देखण्या स्पीकरांचे गुण वाढले आणि लहानशा स्वस्त संचाचे घटले. एवढेच नव्हे, तर स्पीकर खोलीत कुठे ठेवला आहे याने पडणारा खराखुरा फरकही डोळे उघडे असताना लोकांना कमी जाणवला. डोळ्यांनी कानांचा ताबाच घेतला म्हणायचा. मात्र पडद्याआड बहुतेकांची पसंती जुळते, समतोल आणि सपाट आवाजाचाच स्पीकर लोकांना आवडतो, हेही याच परंपरेतल्या संशोधनाचे फलित. म्हणजे चांगले-वाईट हे सगळे मनाचे खेळ आहेत असेही कुणी समजू नये.

आम्ही दोरीवर चादर टाकली. आमच्या अ‍ॅम्प्लिफायरला दोन जोड्या लावून बदलायचे बटण आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन्हींची पातळी सारखी करणे, कारण किंचित मोठा आवाज माणसाला नेहमी ‘चांगला’ वाटतो. मोबाइलवरच्या ध्वनिमापकाने ते जुळवून आवाजाच्या खुंटीवर पेन्सिलीने दोन खुणा केल्या. मी ऐकणार असलो की धाकटा भाऊ चादरीमागे नाणे उडवून जोडी ठरवायचा, इतरांच्या वेळी मी. आधी दोन्ही जोड्या हव्या तितक्या वेळ उघड ऐकायच्या, मग चादर टाकून १२ वेळा कोणती वाजते आहे ते सांगायचे. १२ वेळा नाणे उडवून १० किंवा अधिक छापे पडण्याची शक्यता सुमारे ५२ त १. म्हणून १० बरोबर आल्यास ‘फरक कळला’ म्हणायचे असे आधीच लिहून ठेवले.

पहिली परीक्षा ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या प्रतीची. माझे ६ बरोबर, बाबांचे ७, आजोबांचे ५. यात नवल नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान कर्ण्यासमोर गायली तेव्हापासून १९२५ च्या सुमारास विजेचे मुद्रण येईपर्यंतच्या तबकड्यांत साधारण दोन-अडीच हजार हर्ट्झच्या वर फारसे काही नाही. विजेच्या मुद्रणाने ही हद्द पाच-सहा हजारांपर्यंत नेली. जे मुद्रिकेतच नाही ते ट्वीटर कुठून आणणार? दुसरी परीक्षा एका लाँग प्ले तबकडीवरच्या ख्यालाची : ८, ७, ६. तिसरी अलीकडच्या एका तबलावादनाची. तिथे मात्र माझे १० बरोबर आले, बाबांचे ९. डग्ग्याची मींड आणि चाटीची कड नव्या जोडीत खरोखरच अधिक स्वच्छ होती. आजोबांचे ६.

आजोबांचा चेहरा उतरला. त्यांनी भावाला विचारले, “अरे, बटण नीट दाबतोयस ना?” त्या रात्री ते जेवताना बोलले नाहीत. मलाही वाटू लागले की हा तपास नसता केला तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला हाक मारली. मोबाइलवर हळूहळू चढत जाणारा स्वर निघतो. मला तो १५ हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येत होता. आजोबा म्हणाले, “थांबला.” आकडा ६ हजारांच्या जवळ होता. ही काही वैद्यकीय तपासणी नव्हे, म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. आलेख स्पष्ट होता : दोन हजारांच्या पुढे रेषा घसरत गेलेली, दोन्ही कानांत जवळजवळ सारखी. वयाने येणारा हा बहिरेपणा वरच्या स्वरांपासून सुरू होतो. गाण्याचा स्वर खाली असतो, तो कळतो. पण ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांची ओळख पटवणारी कुजबुज वरच्या पट्ट्यात असते, ती हरवते. स्वर कळतो, शब्द कळत नाहीत. आजोबांनी तक्रार अगदी अचूक सांगितली होती. फक्त पत्ता चुकला होता. १ लाख ६० हजारांपैकी बराचसा पैसा ज्या ट्वीटरवर जाणार होता, त्याचा बहुतेक मुलूख त्यांच्या कानांच्या सरहद्दीपलीकडे होता.

ठेव मोडलीच, पण निम्म्याहून कमी. दोन्ही कानांची यंत्रे मिळून ७२ हजार लागले. तीही सुरुवातीला तंबोऱ्यापाशी अडली. यंत्र शिट्टी मारू नये म्हणून त्यात जी सोय असते ती सलग स्वराला शिट्टी समजून दाबायला जाते आणि भलतेच कंप निर्माण होतात. आजोबा म्हणाले, तंबोऱ्यात कुणी बेसूर मुलगा शिरला आहे. श्रवणतज्ज्ञांनी ती सोय बंद करून गाण्यासाठी यंत्रात वेगळी योजना बसवून दिली.

मामांची जोडी परत गेली. मी नोकरीला लागलो, खोली मोठी मिळाली आणि तबला असाच ऐकत राहिलो तर तसली जोडी मी घेईनही. १२ पैकी १० ही माझ्याजवळची लेखी नोंद आहे. आजोबा सध्या जुन्याच स्पीकरवर, गादीकडे पाठ करून ऐकतात. नाट्यगीत असले की यंत्रे कानात. अब्दुल करीम खाँसाहेबांची एखादी जुनी तबकडी लावली की मात्र ती काढून डबीत ठेवतात. मी कारण विचारले तर म्हणाले, “तिच्यात पाच हजारांच्या वर काही नाही, असं तूच म्हणालास ना? मग तेवढं मला पुरतं.”