बाग फुलावी, वस्तीही राहावी

पर्यावरण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जंगल, नदी, वाघ उभे राहतात. पण राहत्या खोलीत ऊन येतं का, दारासमोर मुलांना खेळायला जागा आहे का, हेही पर्यावरणाचेच प्रश्न आहेत. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कवयित्री आणि नाटककार जून जॉर्डन यांनी साठ वर्षांपूर्वी हे ओळखलं होतं.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९३६ साली त्यांचा जन्म झाला. जुलै १९६४ मध्ये पोलिसाच्या गोळीनं पंधरा वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा मारला गेला आणि हार्लेम पेटलं. जॉर्डनही संतापल्या होत्या. त्या संतापातून त्यांनी हाती घेतला तो हार्लेमच्या पुनर्रचनेचा आराखडा. सोबतीला होते प्रसिद्ध रचनाकार बकमिन्स्टर फुलर.

शंभर-शंभर मजल्यांचे, शंकूच्या आकाराचे पंधरा मनोरे आणि त्यांत अडीच लाख माणसांची सोय, अशी ती कल्पना. पण खरं महत्त्व उंचीला नव्हतं. शहरसुधारणा म्हणजे आधी वस्ती पाडायची, अशीच तेव्हा तिथली रीत होती. पांगलेली माणसं बहुधा परतत नसत. जॉर्डन यांनी हा क्रम उलटा केला. जुन्या इमारतींच्या वरच्या अंगाला नवी घरं बांधायची, खालच्या रहिवाशांनी तिथे जायचं आणि मगच जुनं पाडून जमीन मोकळी करायची. कुणीही बेघर होणार नाही.

‘एस्क्वायर’ मासिकानं एप्रिल १९६५ मध्ये हा आराखडा छापला. मात्र मथळा दिला ‘झोपडपट्टीचं झटपट निर्मूलन’ अशा अर्थाचा आणि श्रेय दिलं फुलर यांना! मनोरे कागदावरच राहिले. पण पुढे १९७० साली जॉर्डन यांना पर्यावरण-रचनेसाठी मानाचं ‘रोम पारितोषिक’ मिळालं.

घराचा ध्यास त्यांच्या लेखनातही उतरला. १९७१ च्या कादंबरीत दोन तरुण जीव पडक्या घरात आपलं जग उभारतात. १९९५ च्या संगीतनाट्याला लॉस एंजेलिसच्या भूकंपाची पार्श्वभूमी आहे. जॉर्डन २००२ मध्ये निवर्तल्या.

आपल्या नागपुरातही नंदनवन आहे. इंद्राच्या बागेचं नाव मिरवणारी ही वस्ती. शहर सुंदर करायला निघताना, बाग कुठे करायची याबरोबरच त्या बागेत बसायला आज तिथे राहणारी माणसं उरतील का, हेही विचारायला हवं. जॉर्डन यांच्या आराखड्याचा आरंभच त्या प्रश्नापासून होता.