फिल्मची नक्कल आणि सॉफ्टवेअरची निवड

पोथीची नक्कल करणारा लेखनिक आणि त्या पोथीवर टीका लिहिणारा पंडित ह्यांची कामे भिन्न होत. लेखनिकाने पाहिले तसे उतरावे. अर्थ लावणे पंडिताकडे सोपवावे. लेखनिकच शहाणपण करू लागला, तर मूळ पाठ कोणता आणि त्याची भर कोणती हे पुढील पिढीस कळत नाही. घरातील जुन्या छायाचित्रांच्या फिल्म स्कॅनरवर उतरवू इच्छिणाऱ्या वाचकांनी हाच भेद मनात धरून सॉफ्टवेअर निवडावे, असे आमचे मत आहे.

हा प्रश्न तातडीचा आहे. एके काळी बडोद्यास तयार होणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्याने टिपलेल्या चौकोनी निगेटिव्हांपासून ३५ मिलिमीटरच्या रंगीत पट्ट्यांपर्यंत कितीतरी ठेवा आपल्या फडताळांत पडून आहे. उष्ण व दमट हवेत ॲसिटेटची फिल्म विघटू लागते. तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ती आक्रसते व वाकडी होते. रंगीत फिल्मचे रंगही हळूहळू विटतात. अशा पट्टीची नक्कल करण्याची संधी कित्येकदा एकदाच मिळते.

कागदपत्रांचा नेहमीचा स्कॅनर ह्या कामी चालत नाही. झाकणात दिवा असलेला, फिल्ममधून प्रकाश आरपार पाठविणारा स्कॅनर लागतो. एप्सनचे व्ही ६०० व व्ही ८५० हे त्या जातीचे होत. जाहिरातीतील इंचास ६४०० ठिपके ह्या आकड्यास भुलू नये. प्रत्यक्षात मिळणारा बारकावा त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. ३६ × २४ मिलिमीटरची चौकट २४०० ठिपक्यांनी उतरविली, तर सुमारे ७७ लक्ष ठिपक्यांचे चित्र होते. ४८ बिटांच्या टिफ धारिकेत ते सुमारे ४६ मेगाबाइट जागा घेते.

आता सॉफ्टवेअरकडे वळू. रंगीत निगेटिव्हवर नारिंगी छटेचा एक मुखवटा असतो व तो प्रत्येक फिल्मगणिक निराळा असतो. सॉफ्टवेअर तो काढून रंग उलटविते, तेव्हा ते अनुमान करीत असते. अनुमान चुकले की आजीच्या शालूचा रंग बदलतो, आणि पाहणारा बदललेल्या रंगासच खरा मानून बसतो. जर्मनीतील कील येथील लेझरसॉफ्ट कंपनीच्या सिल्व्हरफास्टमध्ये अनेक फिल्मांच्या नावांनिशी तयार मोजमापे आहेत. नवख्यास त्यांचा उपयोग होतो. मात्र त्याचा परवाना स्कॅनरच्या विशिष्ट नमुन्याशी बांधलेला असतो. स्कॅनर बदलला की पुन्हा खर्च आला. अमेरिकेतील एड हॅमरिक ह्यांचे १९९८ पासूनचे व्ह्यूस्कॅन दिसण्यास रुक्ष आहे, परंतु एकाच परवान्यात अनेक स्कॅनर चालविते, लिनक्सवरही चालते, आणि उत्पादकांनी वाऱ्यावर सोडलेल्या कित्येक जुन्या यंत्रांना जागते ठेवते. चित्रांमधील कोऱ्या फिल्मचा रंग मोजून तो सबंध पट्टीसाठी कायम करण्याची सोयही त्यात आहे.

दोहोंतही अप्रक्रियित, म्हणजे ‘रॉ’, नक्कल साठविता येते. पण प्रत्येक आवृत्तीत नव्हे. म्हणून विकत घेण्यापूर्वी दोहोंच्या नमुना-प्रती उतरवून घ्याव्यात व एकच पट्टी दोहोंतून काढून पाहावी. नमुना-प्रतीत चित्रावर खूण उमटते, तथापि पारख करण्यास ती आड येत नाही.

पैसा खर्च करावयाचा नसेल, तरीही मार्ग आहे. एप्सनच्या यंत्राबरोबर येणाऱ्या एप्सन स्कॅनमध्ये फिल्मचा प्रकार, निगेटिव्ह असली तरी, ‘पॉझिटिव्ह’ म्हणून सांगावा, रंगसुधारणा बंद करावी व ४८ बिटांची टिफ साठवावी. पडद्यावर नारिंगी, उलटे चित्र दिसेल. घाबरू नये, तीच लेखनिकाची प्रामाणिक प्रत होय. तिच्यावरून पुढे सवडीने, २०२० पासून डार्कटेबल ह्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या निगाडॉक्टरने, रंग उलटविता येतात. आणि दहा वर्षांनी अधिक चांगले साधन निघाले, तर त्याच प्रतीवर नवी टीका लिहिता येते.

धूळ पुसण्याच्या सोयीविषयीही सावध असावे. ती अवरक्त किरणांनी धूळ ओळखते. कृष्णधवल फिल्ममधील चांदी त्या किरणांना अडविते, त्यामुळे चेहऱ्यावरील रेषाही धूळ समजून पुसल्या जातात. अशा फिल्मसाठी ही सोय बंद ठेवावी व हवेच्या रबरी पंपाने धूळ आधीच उडवावी.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ ह्या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तीत स्वीकृत पाठ वर आणि पाठभेद तळाशी दिले आहेत. वाचकास स्वतः निर्णय करण्याची वाट मोकळी ठेवली आहे. घरगुती चित्रसंग्रहातही तेच करावे. मूळ टिफ एका कप्प्यात, सुधारलेले चित्र दुसऱ्यात, आणि मूळची आणखी एक प्रत नातलगाच्या घरी निराळ्या डिस्कवर. ज्या सॉफ्टवेअरने ही शिस्त सहज पाळता येईल ते घ्यावे, मग त्याचे नाव काहीही असो. फिल्म मात्र फेकून देऊ नये. ती कोरड्या, थंड जागी कागदी पाकिटात ठेवावी, कारण नक्कल कितीही उत्तम असली, तरी साक्ष मूळ पोथीचीच काढावी लागते.