चाकरमान्याचा संसार आणि संततिनियमन

दापोली तालुक्यातील मुरुड येथे 1882 साली जन्मलेले प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्या मतांपायी विल्सन कॉलेजातील गणिताच्या प्राध्यापकीवर पाणी सोडले आणि पुढे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकासाठी खटलेही सोसले. ज्या साधनांचा उच्चारही तेव्हा अशिष्ट ठरे, ती आज त्यांच्याच जिल्ह्यातील उपकेंद्रांत नर्सबाईंच्या कपाटात विनामूल्य असतात. राहिला आहे तो निवडीचा प्रश्न.

घरधनी मुंबईस आणि संसार गावी, अशी जेथे पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, तेथे ‘ते येणार गणपती-शिमग्याला, मग बारमाही गोळ्या कशाला?’ ही बाईची शंका खुळी नव्हे. मात्र गणपतीला गोळी सुरू करून चाकरमानी परतताच ती बंद करणे, हा त्यावरचा तोडगा फसवा आहे. ‘माला-एन’ रोजची गोळी. ‘छाया’ ही संप्रेरकविरहित गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, म्हणजे पहिली रविवारी घेतली तर दुसरी बुधवारी, आणि नंतर केवळ रविवारी, नवरा घरी असो वा नसो, घ्यावी लागते. ‘अंतरा’ इंजेक्शन दर तीन महिन्यांचे. त्याने पाळी अनियमित होते वा थांबते, आणि ते सोडल्यावर दिवस राहण्यास काही महिने विलंब लागू शकतो, हे टोचण्यापूर्वीच सांगितले गेले पाहिजे. प्रकृतीस मानवत असेल तर अशा घराला, माझ्या मते, तांबी बरी: प्रकारानुसार पाच किंवा दहा वर्षे टिकते आणि मूल हवेसे वाटताच काढता येते. गुप्तरोगांपासून रक्षण मात्र निरोधाखेरीज यांपैकी कशानेही होत नाही.

कुटुंब पुरे झाले की शस्त्रक्रियेसाठी बाईलाच दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात धाडण्याचा आपला शिरस्ता आहे. तेथे नवऱ्याच्या संमतीची सही सरकारी नियमांप्रमाणे आवश्यक नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या गावीही नसते. वस्तुतः पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी हे त्याहून पुष्कळच किरकोळ काम. त्याच दिवशी घरी जाता येते, ताकदही जात नाही, केवळ पुढील तीन महिने निरोध वापरून वीर्यतपासणीने खात्री करून घ्यावी लागते. दोन दिवस विश्रांती आणि आठवडाभर जड काम वर्ज्य, एवढे पथ्य चाकरमान्याच्या गणपतीच्या रजेत सहज बसते.