विषय मुलांनी निवडला तर?

नाशिकमधली शाळकरी मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र... कागद कोरा असतो, विषय मात्र छापून येतो.

तोही मुलांवर सोडला तर?

व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ साली असा बालकलावर्ग काढला. तिथे गिरवण्याला थारा नव्हता. महाराष्ट्रात ही वाट सेवाग्रामला दिसते. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये तिथल्या नई तालीम शाळेत कलाशिक्षक झाले. ते स्वतः कुंभारकामातले जाणकार. चित्र किती सुबक, यापेक्षा ते काढताना मूल कसं घडतं, याकडे त्यांचं लक्ष असे. पुढे त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं.

नाशिकमध्ये असा वर्ग काढायचा तर सुरुवातीला फार काही लागत नाही: माती, रद्दी, दोरा आणि कोरा फळा.